मानाचं बटण

माझ्या थोरल्याला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे मनात 'नाही' असतंच, चांगलं घट्ट असतं, पण तोंडातून निघत नाही. तो हो म्हणतो, हसतो, समोरच्याला अजून एक कप चहा सांगतो, आणि मग त्याला जे करायचं असतं तेच मागच्या दाराने करतो. लहानपणी त्याला दूध आवडायचं नाही. 'नको' असं एकदाही म्हणाला नाही. ग्लास घेऊन गॅलरीत जायचा आणि रिकामा करून आणायचा. मी आपली खूश. गॅलरीतल्या कुंडीतलं झाड वाळलं आणि मातीला वास यायला लागला तेव्हा मला कळलं, दूध कोण पीत होतं ते. आता त्याचे केस पांढरे झाले, एवढ्या मोठ्या कंपनीचा कारभार बघतो, तरी खोड जशीच्या तशी आहे. कुंडी तेवढी मोठी झाली.

आमची कंपनी हॉस्पिटलच्या खाटा बनवते. आता सगळे बेड म्हणतात, पण ह्यांनी पहिली बनवली तेव्हा ती खाटच होती. एका शेडमध्ये हे वेल्डिंग करायचे आणि मी बाकीचं सगळं करायचे. खाट तयार झाली की तिच्यावर मीच आडवी व्हायचे, कारण ह्यांचे कपडे ग्रीसने माखलेले असायचे आणि गादी पांढरी. या कुशीवर, त्या कुशीवर वळायचं, कुरकुरते का ऐकायचं, झोपल्या झोपल्या हात कठड्याला पुरतो का बघायचं. कुरकुरली तर परत. माझी पाठ टेकल्याशिवाय खाट शेडबाहेर जात नसे.

शेडचा कारखाना झाला, एकाचे तीन झाले, खाटांना मोटरी बसल्या, तरी ही रीत राहिली. नवीन माल निघाला की त्यातली पहिली खाट माझ्याकडे यायची. दुसऱ्या गावच्या कारखान्यातून ट्रकात घालून आणायचे. गेटवर विचारायचे, "मोठ्या बाईंची पाठ टेकली का?" टेकली म्हटलं की शिट्टी वाजायची आणि गाडी सुटायची. पुढे माझे गुडघे गेले, तेव्हा खाटेऐवजी खाटेचा फोटो यायला लागला. त्याच्यापुढे नुसता फोन. "बाई, पाठ टेकली समजू का?" मी म्हणायचे, "समज." कोणी याला हसेल. हसू दे. विचारल्याशिवाय जात नव्हतं, एवढं मला पुरत होतं.

आता सूनबाईचं, थोरल्याच्या बायकोचं, सांगते. ती दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत एक वेगळंच काम करायची: माणसांच्या हातातली कामं कुठून कुठे जातात ते बघायचं आणि त्यांची वाट सरळ करायची. बोलते कमी, आणि बोलायला लागली की कोणाचं तोंड बघून थांबत नाही. पहिली काही वर्षं मला ती आवडली नाही. आता आवडते असं मी काही तिच्या तोंडावर म्हणायला जाणार नाही.

झालं असं की एका मोठ्या हॉस्पिटलची ऑर्डर आमच्याकडे हरवली. चोरीला गेली नाही, हरवली. हिशेबवाल्यांना वाटलं ती डिझाइनवाल्यांकडे आहे, डिझाइनवाल्यांना वाटलं खरेदीवाल्यांकडे, आणि खरेदीवाले वाट बघत होते की कोणीतरी काहीतरी पाठवेल. सगळे कामात होते, कोणी बसलेलं नव्हतं. हॉस्पिटलने वाट बघितली आणि दुसरीकडून खाटा घेतल्या. त्या दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "माणसं वाईट नाहीत. वाट कोणाला माहीत नाही." आणि तिने ते सॉफ्टवेअर सांगितलं. ऑर्डर आली की पुढे कोणाकडे जायची, कोणी बघायचं, कोणी हो म्हणायचं, आणि अडली तर कोणापाशी अडली, हे सगळं पडद्यावर दिसतं.

माझे धाकटे दीर, भावजी, कंपनीत भागीदार आहेत. त्यांना नवीन काही म्हटलं की आधी घाम फुटतो. ते म्हणाले, "एक वर्ष देऊ. नाही जमलं तर सॉफ्टवेअर परत, आणि सूनबाईंनी पण मग कारखान्यात लक्ष घालू नये. घर काय कमी मोठं आहे का?"

तिच्यादेखत म्हणाले, तिच्याच हातचं जेवता जेवता. तिने आपली नोकरी सोडून इथे यायचं होतं. मी थोरल्याकडे बघितलं. तो भाजीत काहीतरी शोधत होता. सूनबाईच म्हणाली, "चालेल."

मग एक सल्लागार आला. तो असल्याच कामासाठी मोठ्या मोठ्या कंपन्यांमध्ये हिंडायचा. मी त्याला बाणवाला म्हणायचे, कारण त्याने मीटिंगच्या खोलीची आख्खी भिंत चिठ्ठ्यांनी भरून टाकली आणि चिठ्ठ्यांच्या मधे बाण काढत बसला. मला वाटलं, आल्या आल्या कॉम्प्युटर मांडील. कितीतरी दिवस त्याने कॉम्प्युटर उघडलाच नाही. नुसता माणसांजवळ जाऊन उभा राहायचा. विचारायचा, "हा कागद आला की तुम्ही काय करता? नियमात काय आहे ते राहू द्या, तुम्ही काय करता?"

मी त्याला एकदा चहाला बोलावलं. म्हटलं, "सॉफ्टवेअर विकायला आलात आणि भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवताय. पैसे कशाचे घेता?"

"चिठ्ठ्यांचेच," तो म्हणाला. "सॉफ्टवेअर कोणीही बसवून देतं. वाकडी वाट आहे तशी त्याच्यात घातली तर ती वाकडीच राहते, फक्त जोरात पळते."

"मग सरळ करा आणि घाला."

"सगळी एकदम नाही. मोठ्या कंपन्या तिथेच बुडतात. सगळीकडे एकदम सुरू करतात, आणि मग कुठे काय बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही. आपण एकच वाट घेऊ. ऑर्डर आल्यापासून माल गेटबाहेर जाईपर्यंत. ती नीट चालली की दुसरी."

मला त्याचं बोलणं पटलं. पटलं असं मी दाखवलं नाही. बिस्किटं पुढे केली.

काही दिवसांनी त्यांनी मला ती भिंत दाखवायला नेलं. थोरला होता, सूनबाई होती, आणि गेटवरचा डिस्पॅचवाला होता, त्याला सगळे शिट्टी म्हणतात. बाणवाला एकेका चिठ्ठीवर बोट ठेवत पुढे सरकला. शेवटून दुसऱ्या चिठ्ठीवर थांबला. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाठ टेकणे'.

"हा विभाग कोणता, ते मला कोणी सांगत नाहीये," तो म्हणाला.

शिट्टीने छताकडे बघितलं. थोरल्याने मोबाइल काढला. मी म्हटलं, "तो विभाग मी."

बाणवाल्याने खुर्ची ओढून मला बसायला दिली. "बाई, राग मानू नका. माल इथे अडतो."

"किती?"

"तुम्हाला फोन लागत नाही तोपर्यंत."

"दुपारी मी झोपते."

"तेच," तो म्हणाला. "तयार माल, भरलेली गाडी, आणि सगळे तुमची झोप व्हायची वाट बघत बसलेले असतात."

सूनबाईने ओठ दाबले. हसू होतं ते, मी बघितलं. मला राग यायला हवा होता, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

मग तो थोरल्याकडे वळला. "ही चिठ्ठी म्हणजे वाटेतली एक चौकट. तिचं दोनपैकी एक करा. खरी ठेवायची असेल तर इथे नक्की काय बघायचं ते ठरवा, बाई नसतील तेव्हा कोण बघणार ते ठरवा, आणि इथून 'नाही' आलं तर माल खरोखर थांबला पाहिजे. ते नको असेल तर काढून टाका. पण नावापुरती ठेवू नका. एक चौकट खोटी आहे हे माणसांना कळलं की बाकीच्या सगळ्या चौकटींकडे ती तशीच बघायला लागतात."

मी म्हटलं, "काढायची असली तर मला तोंडावर सांगा. मी काही लगेच मरत नाही."

थोरला हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छे, आई, तुझ्याशिवाय माल कसा जाईल?"

सूनबाईने त्याच्याकडे बघितलं. मला तेव्हाच कुंडी आठवायला हवी होती.

पुढच्या महिन्यात तो एक टॅब घेऊन माझ्या खोलीत आला. त्यात रोज तयार मालाचे फोटो यायचे आणि खाली दोन बटणं. हिरव्यावर लिहिलेलं 'पाठ टेकली', लालवर 'थांबवा'. म्हणाला, आता फोन नको, काही नको, सकाळी चहा झाला की बघून दाबायचं. अक्षरं पण मोठी करून दिली होती. आवडलं मला, खोटं कशाला सांगू. चहा झाला की चष्मा लावायचा, एकेक खाट बघायची, हिरवं बटण दाबायचं. दाबलं की टुण्‌ असा आवाज यायचा. माझी बहीण राहायला आली तेव्हा तिला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, "तुझी मजा आहे बाई, बसल्या जागी गाड्या सोडतेस."

बाकीचं पण चालायला लागलं. पहिले काही आठवडे सगळे कुरकुरले. हिशेबातला एकजण वर्षानुवर्षं 'माझ्याकडे नाही' एवढंच बोलायचा. आता कागद त्याच्याकडे असला की त्याचं नाव पिवळं होऊन सगळ्यांना दिसायला लागलं. तो सूनबाईकडे तक्रार घेऊन आला, की माझी बदनामी होते. ती म्हणाली, "कागद पुढे पाठवा, पिवळं जातं." थोरल्याने एकदा एका ओळखीच्या डॉक्टरसाठी परस्पर फोन करून गाडी सोडायला सांगितली, तेव्हा बाणवाला त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, की मालक ज्या वाटेने जात नाही त्या वाटेने दुसरं कोणी कशाला जाईल. थोरला म्हणाला, "बरोबर आहे, बरोबर आहे." आणि चहा मागवला. पण ऑर्डरी हरवायच्या थांबल्या. भावजीसुद्धा जेवताना गप्प बसायला लागले, आणि त्यांच्याकडून एवढं म्हणजे शाबासकीच.

मग एका सकाळी फोटोत एक खाट आली, तिच्या कठड्यांचा रंग वाळलेल्या चिखलासारखा. आजारी माणसाला डोळे उघडल्या उघडल्या हे दिसणार. मी पहिल्यांदाच लाल बटण दाबलं. टुण्‌ झालं. खाली अक्षरं आली, 'नोंद झाली'.

आमचं घर कारखान्याला लागूनच, माझी खोली वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून गेट दिसतं. मी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले. खाली गाडीत खाटा चढवत होते. चिखलाच्या रंगाच्या. सगळ्या चढल्या, दोरखंड आवळला, शिट्टीने शिट्टी वाजवली, आणि गाडी गेटबाहेर पडली.

मी खाली गेले. गुडघ्यांमुळे वेळ लागतो, पण पोचले. शिट्टीने मला येताना बघितलं आणि तोंडातली शिट्टी खिशात घातली.

"काय रे, मी थांबवलेलं ना?"

"बाई, तुम्ही साहेबांना विचारा."

"साहेबाला मी जन्म दिलाय, त्याला केव्हाही विचारीन. आत्ता तुला विचारतेय."

त्याने मान खाजवली. "ते बटण मानाचं आहे, बाई."

"मानाचं म्हणजे?"

"म्हणजे दाबलं तरी माल जातो, नाही दाबलं तरी जातो. कशाला जोडलेलं नाही ते. साहेब म्हणाले, बाईंचा मान राहिला पाहिजे."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

शिट्टीने हमालांकडे बघितलं. हमालांनी रिकाम्या गेटकडे बघितलं. मला उत्तर मिळालं.

वर आले आणि खुर्चीत बसले. मला वाटलं होतं रडू येईल किंवा डोकं फिरेल. तसं काही झालं नाही. बहिणीला टॅब दाखवला होता ते आठवलं, तेवढं जरा टोचलं. संध्याकाळी थोरला आला, म्हणाला, "आई, आज माल बघितलास का?" मी म्हटलं, "बघितला." तो म्हणाला, "छान." मी ठरवलं, काही बोलायचं नाही. तो आपणहून कधी सांगतो ते बघायचं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर चष्मा लावला आणि हिरवं बटण दाबलं. त्याच्या पुढच्या दिवशी पण दाबलं. कारखाना मला फसवत होता आणि मी कारखान्याला.

सूनबाईला मात्र विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुला माहीत होतं?"

कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही. "हो. मी नको म्हटलं होतं. हे म्हणाले, आईचं मी बघतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मायलेकांच्या मधे बोलले असते तर चुगलखोर ठरले असते."

"ठरली असतीसच," मी म्हटलं. तिने घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात दिला आणि दुसरा उचलला.

वर्ष संपत आलं तेव्हा एका हॉस्पिटलमधून फोन आला. आमची नवीन खाट पेशंटसकट घरंगळली होती. चाकांना ब्रेक लावलेला होता, तो धरलाच नाही. पेशंटला काही झालं नाही, खाट भिंतीला जाऊन थांबली. पण अडवायला गेलेल्या नर्सबाईचा पाय चाकाखाली आला आणि तिला प्लास्टर घालावं लागलं. त्या खेपेतल्या सगळ्या खाटा परत आल्या. गेटच्या आत ओळीने उभ्या केल्या होत्या. खिडकीतून बघितलं तर आमचंच हॉस्पिटल झाल्यासारखं दिसत होतं.

आमच्याकडे ब्रेक बघायची पायरी आहे. क्वालिटीवाल्यांनी ब्रेक लावायचा, खाट जोरात ढकलून बघायची, हलली नाही तर पडद्यावर हो दाबायचं. त्या खेपेतल्या प्रत्येक खाटेला हो दाबलेलं होतं. सूनबाई स्वतः क्वालिटीत जाऊन बसली. कोणावर आवाज चढवला नाही. संध्याकाळी माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली, तशी ती कधी बसत नाही.

"ढकलून बघतच नव्हते," ती म्हणाली. "बटण दाबायचे आणि पुढे पाठवायचे. मी विचारलं, असं का? तर त्यांच्यातला सगळ्यात जुना माणूस म्हणाला, मॅडम, आम्हाला वाटलं हे पण मानाचंच."

मी टॅब पालथा घातला.

"तो खोटं बोलत नव्हता, आई. खाली आता सगळे असंच म्हणतात. कोणती पायरी कामाची आणि कोणती मानाची, ते आपापसांत ठरवतात. आधी मोजमापाची मानाची झाली, मग ही."

"आणि आता?"

"आता मीटिंग आहे. काका म्हणाले होते ते होईल." उठताना म्हणाली, "वाट चांगली झाली होती."

त्या दिवशी जेवायला भावजी आले होते. घास घ्यायच्या आधीच सुरू झाले. माणसं डोळ्यांनी बघायची तेव्हा असं कधी झालं नाही, यंत्राच्या भरवशावर सोडलं म्हणून झालं. मला वाटलं, आता थोरला बोलेल. कुंडीतलं झाड त्याच्यासमोर वाळून उभं होतं, आता तरी बोलेल.

तो म्हणाला, "घाईच झाली थोडी. मी हिला सांगत होतो, हळू घे."

सूनबाईचा चमचा ताटावर टेकला. तिने तो उचलला नाही.

"आणि हिची पण खूप दगदग झाली," तो पुढे म्हणाला, गोड आवाजात. "थोडे दिवस आराम केला तर हिलाच बरं."

बायकोला काढतोय असं म्हणाला नाही. तिला आराम देतोय म्हणाला. भावजींनी मान डोलावली. सूनबाईने ताट उचललं आणि आत घेऊन गेली.

ह्यांच्या मागे कंपनीतला सगळ्यात मोठा वाटा माझ्या नावावर आहे. मीटिंगला मी जात नाही, कागद घरी येतात आणि मी सही करते. सही तेवढी मला चांगली येते. पण त्या मीटिंगला गेले. चांगली साडी नेसले, टॅब पिशवीत टाकला आणि गेले. मीटिंगच्या खोलीत ती भिंत अजून होती. चिठ्ठ्या काढल्या होत्या, पण चिकटपट्टीचे डाग राहिले होते. लांब टेबलाशी भावजी, थोरला, सूनबाई आणि बाणवाला. माझ्यासाठी खुर्ची नव्हती. शिट्टी खाटा परत घेतल्याचे कागद घेऊन आला होता, त्याने कुठून तरी एक खुर्ची आणली आणि दाराशी उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" भावजी म्हणाले. "कागद पाठवलेच असते."

"गुडघे मोकळे करायला आले. चालू द्या."

बाणवाला आधी बोलला. जे होतं ते त्याने सांगितलं. पायरी चुकीची नव्हती, सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं, माणसांचा पायऱ्यांवरचा विश्वास उडाला होता. का उडाला ते बोलायची वेळ आली तेव्हा त्याने थोरल्याकडे बघितलं आणि थांबला. पाहुणा माणूस, आणि समोर मी बसलेली. सूनबाई बोटातली अंगठी फिरवत होती. थोरला म्हणाला, "कोणाची चूक नाही. वेळ योग्य नव्हती, एवढंच. सध्या बंद करू, पुढे बघू."

"पुढे बघू" म्हणजे काय ते त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

मी पिशवीतून टॅब काढला आणि टेबलावरून भावजींकडे सरकवला. "भावजी, तुम्ही म्हणता ना माणसांनी डोळ्यांनी बघावं? हे बघा. आज जायचा माल आहे. आवडला नाही असं समजा आणि लाल दाबा."

"मी?"

"तुमचं बोट काय झिजतंय?"

त्यांनी चष्मा वर केला आणि दाबलं. टुण्‌ झालं.

"काय आलं खाली?"

"नोंद झाली," भावजींनी वाचलं. मग टॅब उलटा करून मागून बघितला, पुन्हा सरळ केला. "कुठे झाली?"

भावजींनी थोरल्याला विचारलं, "अरे, कुठे झाली नोंद?" थोरला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता. मग त्यांनी दाराकडे बघितलं.

"कुठेच नाही, साहेब," शिट्टी म्हणाला. "ते मानाचं आहे." आणि त्याने सगळं सांगितलं. बटण कोणी लावायला सांगितलं, खाली ते कसं पसरलं, आणि क्वालिटीतला जुना माणूस काय म्हणाला. तो बोलला तेवढा वेळ सूनबाईने मान वर केली नाही. भावजींनी टॅब हळूच माझ्याकडे परत सरकवला, गरम भांडं सरकवावं तसा.

"आई, मी तुला सांगणारच होतो," थोरला म्हणाला.

मी त्याच्याकडे तोंड करून बसले. खुर्ची फिरणारी होती, ते एक बरं झालं.

"तू सांगणार नव्हतास," मी म्हटलं. "दूध नको म्हणूनसुद्धा तू मला सांगितलं नव्हतंस. ते झाड मेलं, झाड होतं, दुसरं लावलं. या वेळी एका बाईचा पाय मोडला. मला नाही म्हणायची तुझी छाती झाली नाही म्हणून तू मला खोटं बटण दिलंस. ते मी पोटात घातलं, रोज दाबलं पण. पण त्याच्यापायी तू सगळ्या कारखान्याला खोटं हो म्हणायला शिकवलंस, आणि ते शिकले तेव्हा बायकोला पुढे केलंस, ते मी पोटात घालणार नाही. तर ऐक. ते सॉफ्टवेअर राहील, ती पण राहील, आणि वाटेचं ती ठरवील. भावजी काही म्हणायचे नाहीत, त्यांनीच आत्ता बटण दाबून बघितलंय. माझी चौकट आज निघेल. मी काढतेय ती, तू काढलीस असं कुठे सांगत फिरू नकोस. आणि उद्यापासून ब्रेकच्या पायरीवर तू उभा राहायचं. साहेब म्हणून नाही, क्वालिटीवाल्यांच्या शेजारी, बाह्या सरसावून. प्रत्येक खाट स्वतः ढकलायची. हलली तर नाही म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या जागेवर नाही म्हणावंच लागतं, तिथे चहा पाजून भागत नाही. नीट म्हणता यायला लागलं की वर येऊन मला एकदा म्हणून दाखव. दुपारी आलास तरी चालेल, मी जागी असेन."